पुलाखालचा नंबर

ती केस काही डोक्यातून गेलेली नाही. पन्नाशीच्या आतच स्वेच्छानिवृत्ती घेतली, आता घरी बसून लिहायचं ठरवलं, तर आधी हीच हातातून उतरतेय. नावं कुणाचीच देणार नाही.

तेव्हा मी पनवेलजवळच्या एका ठाण्यात फौजदार होते. खारघरच्या एका टॉवरमध्ये भरदुपारी घरफोडी झाली. नवरा-बायको ऑफिसात, बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राहायचा, तोही म्हणे क्लासला. कुणीतरी दाराचं लॅच उचकटून कपाटातले दागिने नेले. फिर्याद घेतली, पंचनामा केला, ठसेवाले येऊन पावडर मारून गेले. इथपर्यंत सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसंच.

पुढचं शिकवत नाहीत. घरफोडी झाली की आमच्या तपास पथकाची गाडी आधी हायवेच्या पुलाखाली जायची. तिथे पारध्यांची पालं होती. जा असं कुणाला सांगावं लागत नव्हतं. इंग्रजांनी कायदाच केला होता की हे लोक जन्मतःच गुन्हेगार. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, पण आमच्या गाडीला रस्ता पाठ होता.

त्यात खबऱ्याचा फोन आला. "मॅडम, पुलाखालचा एक जण त्या सोसायटीच्या मागच्या बाजूला गोणी घेऊन दिसला."

झालं, पालावरचे सगळे पुरुष उचलून आणले. बायका पोरं घेऊन ठाण्याच्या गेटबाहेर बसल्या. आणि मी चौकशीला बसते न बसते तोच गोणीवाला उभा राहिला. तिशीचा असेल, नखांत माती.

"मॅडम, मी केली चोरी. बाकीच्यांना सोडा."

आमचे हवालदार खूश. म्हणाले, "बघा मॅडम, हातसुद्धा लावावा लागला नाही. शहाणा आहे."

मी विचारलं, "काय काय नेलंस?"

"काय काय गेलंय मॅडम?"

"मला काय विचारतोस? तू चोरलंस ना?"

"तुमी सांगा, मी हो म्हनतो."

"आणि माल कुठंय?"

"तुमी म्हनाल त्या सोनाराकडं."

हवालदार हसले. मला हसू आलं नाही. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, सोनाराकडून माल निघाल्याचं दाखवलं की केस उभी राहते, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. म्हणजे हा याआधी बसलाय इथे. मी हवालदारांना चहा सांगायला पाठवलं आणि दार लोटलं.

"आता खरं सांग. गोणीत काय होतं?"

"शेनखत. शिरढोणकडं नर्सरी हाय, तिथं कामाला लागलोय. सोसायटीच्या बागेत खत टाकायला मालकाने टेंपोतून पाठवलेलं."

"मग हे आधी का नाही बोललास?"

"बोलून काय हुतंय. आज माझा नंबर हाय."

"कसला नंबर?"

तो मला समजावायला लागला, जसं नवीन माणसाला बसचा रस्ता सांगावा. सगळे पुरुष आत बसले तर पोटाला आणणार कोण? एक जण कबूल झाला की बाकीचे सुटतात. मग उगाच भांडण नको म्हणून पालावरच्या म्हातारीने नंबर लावून दिलेत. मागच्या वेळी चुलत्याचा होता, या वेळी याचा.

"आणि नर्सरीचं काम?"

"मालक बोललाय, पोलीस दारात आले तर येऊ नको." मग म्हणाला, "रोपं चांगली लावतो मी मॅडम. जगतात."

त्याला रात्रीच्या आत सोडवायचं तर खरा माणूस हवा होता. मी परत त्या फ्लॅटवर गेले. गेटच्या कॅमेऱ्यात खताचा टेंपो येताना-जाताना दिसला, वॉचमन म्हणाला, हा माणूस बागेतून इमारतीत शिरलाच नव्हता. मग दारापाशी बसले. लाकडावरचे ओरखडे आतल्या बाजूला होते. दार किल्लीने उघडून, आत उभं राहून लॅच उचकटलं होतं. बाहेरचा चोर असं कशाला करेल? किल्ल्या तिघांकडे, त्यातले दोघं ऑफिसात. क्लासला फोन केला तर मेहुणा त्या दिवशी फिरकलाच नव्हता.

त्याची चौकशी सोफ्यावर झाली. बहिणीने सगळ्यांना सरबत दिलं. त्याने दागिने बॅगेतून काढून टीपॉयवर ठेवले आणि रडायला लागला. दाजी, म्हणजे आमचे फिर्यादी, माझ्या मागे मागे लिफ्टपर्यंत आले.

"मॅडम, घरातलंच आहे. मिटवून टाका ना. त्याचं अख्खं करिअर आहे."

गुन्हा दाखल होता, मिटवता येत नव्हता. पण मोठे साहेब म्हणाले, "अटक नको, हजर राहायची नोटीस देऊन सोड. चांगल्या घरचा आहे, पळून कुठे जाणार." नियमात बसतं ते. मी नोटीस दिली. पुलाखालच्या माणसांना अशी नोटीस मिळालेली मी सबंध नोकरीत पाहिली नाही. पळून जातील असं त्यांच्याबद्दल आधीच ठरलेलं असायचं.

सगळ्यांना सोडलं. नर्सरीच्या मालकाला मी स्वतः फोन केला. म्हणाला, "मॅडम, माणूस चांगलाय हो. पण गाडी येऊन गेली ना." दुसरा ठेवला होता त्याने.

गोणीवाल्याचा मोबाईल ठाण्यातच राहिला होता. थोड्या दिवसांनी तो द्यायला गाडी पुलाखाली घेतली. गाडी दिसताच पोरं पालांत शिरली. तोच पुढे आला, बगलेत चादरीचं बोचकं. बायकोने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"कुठे निघालास?"

"तुमच्यासंगं. कुठं झाली चोरी?"

"अरे, पण तुझा नंबर झाला ना?"

"नाय धरला म्हातारीने. मी सुटलो ना. केस लागली असती तर धरला असता. परत माझाच हाय."

मी मोबाईल पुढे केला. त्याने घेतला, खिशात टाकला. बोचकं काही खाली ठेवलं नाही.

निरपराध माणूस सोडला की काम संपलं, असं मला तोपर्यंत वाटायचं. त्या दिवशी कळलं की मी फक्त त्याचा नंबर पुढे ढकलला होता. नंबर लावणारी ती म्हातारी नव्हतीच, आमची गाडी होती.

ड्रायव्हरला म्हटलं, वळव. आरशात बघत राहिले. हायवेला लागेपर्यंत तो बोचकं घेऊन तसाच उभा होता.