मुशीच्या तेलाचा वास

आधी सुतारकाकांचं सांगतो, मग माझं. रत्नागिरीला मांडवीच्या बाजूस ते होड्या बांधतात. आज मी हॉकी खेळून पोट भरतो ते त्यांच्यामुळे, आणि त्यांनी मला एकाही सामन्यात खेळताना पाहिलेलं नाही.

माझं गाव राजापुरापलीकडे, डोंगरात. इंग्रजी शिकायला रत्नागिरीच्या हायस्कुलात आलो आणि काकांच्या पडवीत राहू लागलो. शाळेचं मैदान म्हणजे नुसता कातळ. चेंडू टोलवला की गुडघ्याएवढा उडायचा, कधी छातीएवढा. तो नियमात बसतं तसा उघड्या हातानं दाबून पायाशी पाडायचा आणि मग काठीनं मारायचा, हे मला लवकर जमलं. गणित काही जमलं नाही. मॅट्रिकला दोन इयत्ता उरल्या असताना इंग्रजी पाचवीत दोनदा आपटलो आणि शाळा सुटली. वडिलांनी निरोप धाडला, "शिमग्यापर्यंत कुठं चिकटलास तर बरं, नाहीतर घरी ये नि नांगर धर."

त्याच सुमारास ड्रिलमास्तरांना कळलं की मुंबईत गोदीतली एक कंपनी आपल्या संघासाठी खेळाडू पारखून घेते आहे. निवडला जाईल त्याला तिथंच नोकरी. त्यांनी चिठ्ठी दिली. पण शाळेची काठी शाळेत राहिली होती. काठीवाचून मुंबईला जाऊन करणार काय?

काका म्हणाले, "होडीच्या फासळीला आम्ही वाकडं वाढलेलं लाकूडच शोधतो. वाकवलेलं दगा देतं. थांब जरा."

चार दिवसांनी त्यांनी हवी तशी वळलेली एक फांदी आणली, तासली, घासली आणि होडीला लावतात ते मुशीचं तेल तिला पाजलं. मुशी हा मासा. त्याच्या तेलाचा वास घरभर झाला. मी काठी घेऊन निघालो तर मागून हाक आली.

"खंय चाललास?"

"मैदानावर. मारून बघतो."

"नवी काठी कातळावर? उगाच नाय तुला मास्तरांनी नापास केलान! चिरेल ती. वाळूत चल."

ओहोटीची ओली वाळू पाटासारखी घट्ट असते. काका चेंडू सोडायचे आणि तो सरळ सरपटत यायचा. मी सवयीनं हात पुढं धरून उभा, आणि चेंडू खालून पसार.

"अरे, आंबे झेलतोस काय?" काका पोट धरून हसले.

मुंबईची बोट येईपर्यंत रोज ओहोटीला त्यांनी हातातलं काम टाकून मला खेळवलं. तेव्हा मला वाटायचं, हे सगळं काठी जपण्यासाठी.

मुंबईच्या मैदानावर एवढं हिरवंगार गवत मी पहिल्यांदाच पाहिलं. बाकीच्यांच्या काठ्या दुकानातल्या, चकचकीत. माझी काठी हुंगून एकजण म्हणाला, "बाजारातून थेट आलास काय रे? पापलेट कसे दिले?" सगळे हसले. घाबरलेला माणूस जुन्या सवयीकडे धावतो. मीही कातळावरचाच खेळ सुरू केला. चेंडू उडेल म्हणून हात धरायचा, आणि तो गवतातून पायांमधून निघून जायचा. तीनदा झालं. खेळाडू पारखणारा कंपनीचा कप्तान ओरडला, "मिस्टर, चेंडू जमिनीवर आहे. वर काय शोधताय?"

मध्यंतरात मी खाली मान घालून बसलो. शिमगा, नांगर, वडिलांचा चेहरा, सगळं दिसू लागलं. हात तोंडावरून फिरवला तर त्याला तेलाचा वास. मग लक्ष गेलं. गवतावर पाणी मारलेलं होतं आणि चेंडू गेला तिथं ओली रेघ उठली होती. अगदी मांडवीच्या वाळूवर उठायची तशी.

पुन्हा उभा राहिलो तो मनानं ओहोटीच्या वाळूत. काठी जमिनीला टेकवली. पहिला चेंडू अडला, दुसरा अडला. त्यानंतर माझ्या बाजूनं कोणी पुढं गेलं नाही. संध्याकाळी कप्तानानं माझं गाव विचारलं आणि यादीत माझं नाव घातलं. त्या शिमग्याला मी घरी गेलो तो चार दिवसांच्या रजेवर, पालखी नाचवायला.

आता दिवसा कंपनीच्या गोदामात असतो, संध्याकाळी मैदानावर. संघाबरोबर कलकत्ता पाहिलं, झाशी पाहिली. तरी दर हंगामाला यादी लागली की आपलं नाव सापडेपर्यंत छाती धडधडते. त्या दिवसांत खुंटीवरची जुनी काठी काढतो, हुंगतो आणि परत ठेवतो. वास अजून आहे.

काकांना दरवर्षी पत्र घालतो, या म्हणून. दरवर्षी कुणाकडून तरी उत्तर लिहून येतं: हातातली होडी पाण्यात गेली की येतो. एक पाण्यात जाते तोवर दुसरी उभी राहते. येत्या रजेत मी स्वतःच जाणार आहे. त्यांची होडी पुरी होईपर्यंत फळ्या धरीन, मग त्यांना बोटीत घालून आणीन आणि मैदानाच्या कडेला पहिल्या खुर्चीवर बसवीन. माझ्यासाठी त्यांनी कामाचे जेवढे दिवस मोडले, तेवढे सामने त्यांना दाखवीन. मग हसू देत पोट धरून.