बगळ्याच्या पोटातला पारा

बाबा रेल्वेतून टीसी म्हणून रिटायर झाले तेव्हा मी रायपुरातच पक्ष्यांमधला पारा तपासण्याचं काम करत होते. कोळसा जळतो तेव्हा धुरातून पारा उडतो आणि कधी तरी पाण्यात उतरतो. तिथून तो किड्यांत, लहान मासळीत, मोठ्या मासळीत आणि शेवटी बगळ्यात जातो. बगळा त्यातला थोडा आपल्या पिसांत साठवतो. म्हणून मी सिलतऱ्याच्या कारखान्यांपलीकडच्या एका तलावाकाठी, चिंचेखाली गळून पडलेली पिसं वेचायचे. वनविभागाची परवानगी होती, पण जोडीला माणूस नव्हता.

"मी येतो," बाबा म्हणाले. "घरी काय करून राहिलो मी? तुह्या आईचं डोकं खाऊन राहिलो."

पाकिटांवर लिहायचं काम मी त्यांना दिलं. एका पाकिटावर त्यांनी लिहिलं होतं: 'पांढरे पीस, नग एक. मालक जागेवर आढळला नाही.'

पहिल्याच दिवशी काठावर कपडे धुणाऱ्या एका म्हातारीला मी विचारलं, "दाई, इस तालाब में पारा है, पता है आपको?"

"कोन पारा, नोनी?" ती म्हणाली. "इहां तो दू ठन पारा हे. ऊपर पारा अउ खाल्हे पारा."

छत्तीसगढीत पारा म्हणजे वस्ती, हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी मी तशीच उभी राहिले आणि ती दोन्ही वस्त्यांत कोण कोण राहतं ते सांगत गेली. शेवटी बाबा मदतीला आले. "अरे दाई, वो पारा नहीं. थर्मामीटर वाला पारा! बगुला के अंदर!"

म्हातारीने गंभीरपणे मान हलवली. "हव, हव."

पुढच्या आठवड्यात गेलो तर ती वाटच पाहत होती. आम्हाला अंगणात नेऊन तिने एक टोपली दाखवली. टोपलीखाली बगळा होता.

"ओला बुखार हे," ती म्हणाली. "लगा थर्मामीटर."

त्याला ताप नव्हता. पायाला मासे धरायच्या गळाचा दोरा करकचून गुंडाळला होता आणि पाय सुजला होता. मी वनविभागाला फोन केला. गाडी यायला वेळ लागेल, तुम्हीच जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. मी कार चालवायला बसले. बाबा मागच्या सीटवर, मांडीवर टोपली, डोळ्यांवर चष्मा आणि वर माझं स्कूटरचं हेल्मेट. बगळा डोळ्यावर चोच मारतो असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

पंडरी बाजाराच्या गर्दीत अडकलो तेव्हा मागून आवाज आला, "अवं पोरी! यानं माह्या पँटीवर उलटी केली वं!"

मी वळून पाहिलं. घाबरलेला बगळा गिळलेलं बाहेर टाकतो. बाबांच्या मांडीवर टोपलीच्या फटीतून पडलेल्या तीन लहान मासोळ्या होत्या, जवळजवळ अख्ख्या. त्या तलावातल्या बगळ्याने नेमकं काय खाल्लं, हे मला तोवर कधीच पाहायला मिळालं नव्हतं.

"बाबा, हलू नका! पुसू नका!"

"काहून?"

"सँपल आहे!"

गाडी बाजूला घेऊन मी चिमट्याने मासोळ्या उचलून डबीत घालू लागले. बाबा हेल्मेट घालून, पाय ताणून, श्वास रोखून बसले होते. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. ट्रॅफिक पोलीस आला आणि खिडकीतून वाकून बघू लागला.

"मैडम, ये क्या चल रहा है?"

"सरकारी काम," बाबा टीसीच्या जुन्या आवाजात म्हणाले. पोलीस बगळ्याकडे पाहून मागे सरला आणि त्याने आम्हाला वाट करून दिली.

डॉक्टरांनी दोरा कापला. डबीवरच्या चिठ्ठीत 'ठिकाण' या रकान्यात बाबांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'माझी पँट, डावी बाजू.' प्रयोगशाळेतल्या पोरी आठवडाभर हसत होत्या. पण तपासणीत जे निघालं ते हसण्यासारखं नव्हतं. मासोळ्यांत पारा होताच, आणि चिंचेखालच्या पिसांत त्याहून कितीतरी जास्त होता.

पाय बरा झाल्यावर वनविभागाच्या माणसांसोबत आम्ही बगळ्याला त्याच तलावावर सोडलं. म्हातारी आणि तिची गरोदर सून काठावर आल्या होत्या. मी त्यांना समजावलं की पाणी स्वच्छ दिसतं, तरी इथली मोठी मासळी खाऊ नका, पोटातल्या लेकराला तर ती फारच वाईट. सुनेने दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हातारीही नीट ऐकत होती. तेवढ्यात बगळ्याने उथळ पाण्यात चोच खुपसली, एक मासा उचलला आणि गटकन गिळला.

"अउ ओला कोन बताही?" म्हातारीने बगळ्याकडे बोट दाखवून विचारलं.

बाबांनी घसा साफ केला.

"मी सांगतलं असतं," ते म्हणाले, "पण तो माह्यावर नाराज आहे."