गळता डोळा

नवरा गेला त्या साली माझा डावा डोळा गळू लागला, तो थांबेचना. आमच्या ईट गावच्या बायांना वाटलं, ही अजून त्याच्यासाठी रडती. पाण्याला जाता-येता कुणीतरी घागर उतरवून माझ्यापाशी टेकायची, पाठीवरून हात फिरवायची. त्या माणसासाठी मी दहाव्यापुरतीच रडले होते, पण तसं बोलले न्हाय.

मग भावानं निजामाची हद्द ओलांडून मला सोलापूरला नेलं. डोळ्याचं पाणी नाकात उतरायची नळी बुजली होती. डॉक्टरनं नाकापाशी चिरा देऊन, हाड कोरून नवी वाट केली. डोळा कोरडा झाला.

गावाला कळलं, तो रोग होता. बाया यायच्या थांबल्या. एका सकाळी ओट्यावर एकटीच बसले असताना मला खरंच रडू फुटलं.

"परत बुजली काय गं नळी? सोलापूरला दाखवून ये," एकीनं चालता चालता सांगितलं. डोक्यावरची घागर तिनं उतरवली न्हाय.