गळक्या नळाखालचं मोजपात्र

आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि मला तो दुरुस्त करायला बंदी होती. माझ्या नववीतल्या मुलीच्या, मुक्ताच्या गटाने विज्ञान प्रदर्शनासाठी ‘जगातली पाणीटंचाई’ हा विषय घेतला होता, आणि त्यासाठी आमचा नळ आठवडाभर गळायला हवा होता. ती टपटप ऐकत चहा पिणं मला जड जाई. पण नोंदी पूर्ण हव्यात, हेही पटत होतं.

शाळा सुटली की चौघी मैत्रिणी येत, नळाखालच्या मोजपात्रातलं पाणी बघत आणि तक्त्यात आकडा लिहीत. ते पाणी त्यांच्यातली शबनम कधीच मोरीत ओतू देत नसे. दोन्ही हातांनी धरून गॅलरीतल्या कुंड्यांना घालून येई.

शुक्रवारी ती म्हणाली, “काका, आता बंद करा ना हा नळ.”

“वेडी का तू?” मुक्ता म्हणाली. “दोन दिवस बाकी आहेत. तक्ता अर्धवट राहील!”

“राहू दे. आमच्याकडे टँकर येतो गं. मला नाही बघवत.”

मग मुक्तानेच पान्हा आणून माझ्या हातात दिला.

एवढ्या मोठ्या जगाची टंचाई एका तक्त्यात कशी मावणार, असं मला वाटत होतं. ती आधी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरी दिसावी लागते बहुतेक.

शनिवारी चौघी पुन्हा आल्या. कोरड्या नळाखाली त्यांनी मोजपात्र ठेवलं, थोडा वेळ वाट पाहिली, आणि शबनमने तक्त्यात नीट गोल शून्य काढलं.