नरसूबाईचा हात

नरसूबाई भांडी घासायला बसली की भिंतीपलीकडे माझ्या घरात आवाज यायचा. आमची घरं सोलापुरात एकमेकांना लागून, मागे यंत्रमागाची शेड. ती तेलुगू. नवरा मागावर होता, तो लवकर वारला. विड्या वळून तिने मुलांना वाढवलं. मुलगा भिवंडीला गेला, मुलगी रेखा तिच्याजवळ राहिली. "मळाला जोर लागतो की, अक्का," नरसूबाई मला म्हणायची. त्या जोराने तिचं पितळ चकाकायचं आणि लुगडी फाटायची.

रेखा घरी बसून कॉम्प्युटरवर टॉवेलांची नक्षी काढते. त्यावरच त्यांचं घर चालायचं. शेडमधली सुताची धूळ स्क्रीनवर बसायची, आणि एवढासा कणही नक्षीत चुकलेल्या धाग्यासारखा दिसायचा.

एका खंडेनवमीला नरसूबाईने मागाला लावतात तसं कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं, तेही थेट स्क्रीनवर. दुसऱ्या दिवशी ते निघेना. तिने चालू स्क्रीनवर साबणाचं पाणी मारलं आणि पदराने घासायला लागली. दाबेल तिथे रंग फिरू लागले. रेखा धावत आली.

"अम्मा, हात काढ! हे बिघडलं तर खायचं काय?"

स्क्रीन वाचली. पण नरसूबाईला टेबलाजवळ यायची बंदी झाली. ती माझ्याकडे येऊन बसली. गुडघे गेलेले, विड्या सुटलेल्या.

"मग मी घरात कशाला हाय, अक्का? निस्तं गिळायला?"

"रडू नको. शीक की."

"ह्या वयात?"

"लई मोठी विद्या हाय व्हय ती?"

मी रेखालाही बोलले, "तिला काम दे. बिनकामाची ती जगायची न्हाय."

रेखाने शिकवलं. आधी बंद करायचं, गार होऊ द्यायचं. मऊ, कोरडं कापड हळू फिरवायचं. डाग राहिलाच तर कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं. स्क्रीनवर पाणी मारायचं नाही. साबण नाही, स्पिरिट नाही. नरसूबाईला सगळं पाठ झालं, फक्त हात हलका होईना. स्क्रीन मागे कलायची, म्हणून रोज सकाळी रेखा मागून दोन्ही तळवे लावून उभी राहायची.

"पुसतीस का ढकलतीस गं?" मी विचारायची.

"तुज्या तोंडापेक्षा हळूच हाय माजा हात," ती म्हणायची.

गेल्या थंडीत तिची छाती धरली. दवाखान्यातून घरी आणलं, तर दुसऱ्या दिवशी म्हणाली, खुर्चीवर बसवा. आम्ही बसवलं. रेखा नेहमीसारखी मागून तळवे लावून उभी राहिली. नरसूबाईने कापड घेतलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं. स्क्रीन तसूभर हलली नाही.

"आज बरोबर झालं का गं?"

"व्हय अम्मा. एकदम हळू."

"शिकले बघ," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

तिला निजवून रेखा चुलीपाशी आली. तळवे पुढे धरून म्हणाली, "मावशी, आज हाताला जोर कायच लागला न्हाय हो."

मी तिला खोटा धीर दिला नाही. "भावाला आजच बोलावून घे," म्हणाले.

तो रातोरात निघून आला. नरसूबाईने त्याला ओळखलं, जेवलास का विचारलं, आणि दुपारी गेली.