बार्सिलोनात मारलेली हाक

स्पेन म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता हा गडी समुद्रकिनारा, रंगीत छत्र्या, गोऱ्या बाया असलं काहीतरी सांगणार! तर पावणं, जरा मागं टेका. या गोष्टीत नऊवारीतली मामी आहे, कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणांतले मामा आहेत, आणि उरलेल्या जागेत म्हशी आहेत.

आमच्या मामांइतका शब्दाचा पक्का माणूस कोल्हापुरात झाला नाही, आणि कोल्हापुरात झाला नाही म्हणजे जगात व्हायचा प्रश्नच नाही. तसे ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरच्या, मंगळवार पेठेतल्या गल्लीतले, म्हणून मामा. दारात पाच म्हशी. सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहायचं आणि मामा त्याच्यादेखत धार काढून फेसासकट पेला भरायचे. मामांचं जग या पाच म्हशींएवढंच. अंधारात नुसत्या रवंथाच्या आवाजावरनं ते कोणती म्हैस ते सांगायचे. माणसाशी बोलतानासुद्धा पाठीवर अशी थाप मारायचे की माणूस आपोआप दोन पावलं बाजूला सरकून उभा राहायचा. मी कॉलेजात पास झालो तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "अंगानं भरला न्हाईस अजून. सरकी खातोस का न्हाय?"

त्यांचं लग्न मलकापूरला झालं. मुहूर्त सकाळचा धरायला लावला होता, कारण संध्याकाळची धार. अक्षता पडल्या, चार घास खाल्ले आणि नवरीला मोटारीत घालून वरात थेट गोठ्यात. मामी सांगायची, "माप वलांडायच्या आधी मी शेणाची पाटी वलांडली." त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत मामा घराबाहेर एक रात्र झोपले नाहीत. बायकोबरोबर माहेरी गेले तरी चार वाजले की चुळबुळ सुरू. एकुलत्या लेकीच्या लग्नात पाठवणीला सगळी रडत होती, तेव्हा मामासुद्धा डोळे पुसत गोठ्याकडं निघाले होते.

लेक दिली उचगावात. जावई बोटीवर इंजिनियर. ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल, त्याची बोट दुरुस्तीला बार्सिलोनाच्या बंदरात लागली होती. त्यानं सासू-सासऱ्यांना पाच दिवसांसाठी बोलावलं आणि तिकिटंच पाठवली. मामांनी पाकीट बघितलं आणि म्हैस पिळायला बसले. "जमायचं न्हाय म्हणून कळीव."

मामीनं हातातली चरवी खाली ठेवली. आवाज न करता. तिथं गिऱ्हाईक म्हणून पेला घेऊन मीच उभा होतो, त्यामुळं हे पुराव्यानिशी सांगतोय. ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्सं ह्या म्हशींची केली. पाच दिस माझं. तुमचा भाऊ बघंल म्हशी. आनि तिथं म्हशीचं नाव काढायचं न्हाय. काढलंसा, तर तिथनंच उठून मलकापूरला जाईन."

मामांनी धार थांबवली. मामांनी धार थांबवलेली मी त्या एकदाच बघितली. थोरल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "दिला शब्द."

वैशाखात दोघं गेली. पुढचं सगळं मला जावयानं सांगितलं. पहिल्या दिवशी हॉटेलात चहाबरोबर चिमणीच्या आंघोळीएवढं दूध आलं. मामांनी वास घेतला. तोंड उघडलं. मामीनं बघितलं. तोंड मिटलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पांढरं हाय." बस्स! दुसऱ्या दिवशी मोठमोठी देवळं बघितली, तिसऱ्या दिवशी समुद्र. मामीनं जावयाचा काळा चष्मा लावून कबुतरांबरोबर फोटो काढला. रस्त्यात भेटंल त्याला मामा "काय पावणं, बरं हाय न्हवं?" म्हणायचे, आणि ती माणसंही थांबून, हात हलवून त्यांच्या भाषेत घरची खुशाली सांगायची. म्हशीचा म सुद्धा नाही. फक्त एक व्हायचं. दुपारी जेवायला बसलं, म्हणजे इकडं कोल्हापुरात संध्याकाळची वेळ झाली, की मामांच्या दोन्ही हातांची बोटं आपोआप मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची. जावयाला वाटलं शिरंचा आजार. डॉक्टरचं नाव काढलं त्यानं. मामी म्हणाली, "काय न्हाय त्येला," आणि टेबलाखाली मामांचा हात धरून बसली. रस्त्यानं पण धरूनच चालायची म्हणे. गर्दीत चुकामूक नको म्हणून. रस्ता रिकामा असला तरी.

पाचवा दिवस रविवार. जावयानं बिचाऱ्यानं विचार केला, मामांना जनावरांची आवड, तर बैलांच्या खेळाला नेऊ. भलं मोठं गोल मैदान, बँड वाजतोय, झगमगीत कपड्यांतली माणसं. मामा-मामींना वाटलं, तिकडचा पाडवा! कारण आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी रंगवतात, शिंगांना गोंडे, मोरपिसं बांधतात आणि मालकानं फटफटीवरनं हाक मारली की म्हैस गर्दीतनं वाट काढत त्याच्या मागं पळत सुटते. बैल मैदानात आला. त्याच्या पाठीवर रंगीत कागदांच्या काड्या लागल्या तेव्हा मामी म्हणाली, "बगा तरी, नटवालेत त्येला." जावई हसला आणि तिच्यासाठी सरबत आणायला गेला.

बाटल्या घेऊन परत येतो तर मामा बाकड्यावर उभे! टोपी हातात, मान वर, आणि मंगळवार पेठेपासून रंकाळ्यापर्यंत ऐकू जाईल अशी, म्हशींना मारायची तीच हाक. "हुर्रर्र, ये ये येऽऽ! ये माझ्या राजा, हिकडं येऽऽ!" मागनं लोकांनी बसायला घेतलेल्या उशा फेकून मारल्या. मामा हलले नाहीत. जावई शपथेवर सांगतो, बैलानं क्षणभर कान वळवला. शेवटी दोघांना हाताला धरून त्यानं बाहेर काढलं.

झालं! मामांनी शब्द मोडला, ही बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली. "काय मामा, पाच दिसाचा शब्द, पाचव्या दिसाला आटला न्हवं?" मामा हसायचे आणि म्हणायचे, "व्हय की. मोडला." आयुष्यात एकदा शब्द मोडलेला माणूस इतका शांत कसा, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी नकलाकार! मला ती हाक मिळाली होती. गणपतीत केली, कॉलेजात केली, लोक पोट धरून पडायचे.

मग पाडवा आला. मिरवणूक झाल्यावर मामांच्याच अंगणात चाळीस माणसं जेवायला. कुणीतरी म्हणालं, "बार्सिलोना होऊ दे!" मी पाटावर उभा राहिलो. टोपी हातात, मान वर. हाक मारली, वर थोडं रडणं पण घातलं. अंगण हसून लोळायला लागलं. मामासुद्धा हसत होते.

वाढायला आलेली मामी तशीच उभी राहिली. हातात आमटीचं पातेलं.

"उतर खाली, मुडद्या."

मी उतरलो.

"लई बघून आल्यासारखं करालाईस! कोन व्हतं तिथं? जावई सरबताला गेलता. त्या काड्या रुतलेल्या हाईत हे कळल्यावर ह्ये काय करत व्हतं, ठावं हाय तुला? गप बसलं व्हतं. मुठी आवळून. डोळ्यांतनं पानी गळालतं, तरी तोंडातनं सबूद न्हाय. माज्याकडं बगायचं, आनि खाली बगायचं. मला दिलेला सबूद पाळालतं ते! मग मीच उठले. पैली हाक मी मारली, मी! म्हटलं, सोडलं तुमाला सबदातनं, मारा आता. तवा ते उभं ऱ्हायलं."



"अगं, असू दे की, प्वार हाय," मामा पुटपुटले.

"तुमी बोलू नका! सा म्हैनं गप बसलासा न्हवं, मग आता बी बसा!"

मामा बसले. पण त्यांची बोटं मिटत होती, उघडत होती, आणि धारेची वेळ तर केव्हाच होऊन गेली होती. मामीनं ते बघितलं. पातेलं खाली ठेवून ती त्यांच्या पाटाशेजारी जाऊन उभी राहिली.

कोल्हापुरातला कुठलाही आवाज मला काढता यायचा. हा एक मी ऐकलाच नव्हता. हळूच विचारलं, "मामी, कशी मारली व्हतीस हाक?"

"का? त्येची बी नक्कल करायला? जेव गप!"