दोन्ही हातांनी दिलेला पेला

परवा उकडीच्या वाफेचा वास आला आणि कोविडमधलं, परदेशातल्या पॅरामॅटाचं वाफवलेल्या कोरियन मिठाईचं दुकान आठवलं. युनिव्हर्सिटीचे तास संपले की मी तिथे कामाला जायचे. मालकीणबाई, आमच्या आंटी, प्रत्येक गिऱ्हाईकाला भाताची शितं तरंगणारं थंड, गोड पेय चाखायला द्यायच्या, तेही दोन्ही हातांनी. त्यांच्याकडे तशीच रीत.

एका माणसाने तो पेला कोपराने लोटला. "तुम्हीच आणलात ना हा रोग?"

शितं काउंटरभर सांडली. आमच्या घरी अन्न सांडलं तर आधी नमस्कार करतात. हा हसत होता.

"सर, हे... हे बरोबर नाही," मी कसंबसं म्हणाले. तो हसतच निघून गेला.

आंटींनी नवा पेला भरून माझ्यापुढे धरला. "पी. डोकं गार होईल."

मी तो दोन्ही हातांनी घेतला. डोकं मात्र अजून तापलेलंच आहे.